जव, मका आणि अबकारी कर

मद्याच्या इतिहासात १९०९ हे साल मोठे चमत्कारिक आहे. त्या वर्षीच्या जुलै महिन्यात लंडनमध्ये एका रॉयल कमिशनने आपला अहवाल दिला; आणि नाताळ उलटून दोन दिवस होतात न होतात तोच, तिकडे वॉशिंग्टनमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष टॅफ्ट यांनी एक निर्णय जाहीर केला. दोहोंनी एकमेकांशी विचारविनिमय केला होता असे नाही. तथापि दोहोंपुढचा प्रश्न एकच होता. व्हिस्की कशास म्हणावे? ज्या पदार्थाचा व्यापार दोन्ही देशांत शतकभराहून अधिक काळ राजरोस चालला होता आणि ज्याच्यावरील कराने सरकारी तिजोऱ्या भरत होत्या, तो पदार्थ मुळात आहे तरी काय, हे विसाव्या शतकात सरकारास ठरवावे लागावे, ही गोष्ट वरवर पाहता हास्यास्पद वाटते. परंतु नावाच्या मागे चव असते, चवीच्या मागे धान्य व भांडे असते, आणि त्या दोहोंच्याही मागे, आमच्या मते, बहुधा कर वसूल करणारा अंमलदार उभा असतो. आयर्लंडची व्हिस्की आणि अमेरिकेतील केंटकी प्रांताची बर्बन यांची तुलना रसिक लोक जिभेने करीत आले आहेत. तीच तुलना इतिहासाच्या साह्याने केली, तर जिभेला जे नुसते जाणवते त्याचे कारणही हाती लागते, एवढेच आम्हांस येथे दाखवावयाचे आहे.

मद्याविषयी लिहावयाचे तर मराठी लेखकाने आरंभी कान पकडावेत असा प्रघात आहे. तो आम्ही पाळीत नाही. कारण येथे कोणी कोणास प्यावयास सांगितलेले नाही. चाखणे आणि पिणे यांत जे अंतर आहे ते अत्तराचा फाया हुंगणे आणि अत्तराने स्नान करणे यांतील अंतराएवढेच आहे. आणखी एक गोष्ट प्रारंभीच सांगून टाकू. रोमन लिपीत आयरिश लोक व बहुतेक अमेरिकन लोक या शब्दात शेवटच्या अक्षरापूर्वी एक जादा स्वर लिहितात, स्कॉच लोक लिहीत नाहीत, आणि या एका अक्षरावरून उभय पक्षांत हमरीतुमरी होते. आपल्या देवनागरीने हा वाद निकालात काढला आहे. तेव्हा आपण थेट पदार्थाकडे वळावे हे बरे.

शब्द मूळचा आयर्लंड-स्कॉटलंडच्या गेलिक भाषेतला. ‘इश्के बाहा’ म्हणजे जीवनाचे पाणी. लॅटिनमधील ‘अ‍ॅक्वा व्हिटे’ याचे ते सरळ भाषांतर. अर्क गाळण्याची विद्या ख्रिस्ती साधूंनी आयर्लंडात आणली असे मोठ्या आवडीने सांगितले जाते, पण त्या कथेस लेखी आधार फारसा नाही. आधार आहे तो निराळ्याच गोष्टीचा. क्लनमॅक्नॉइस येथील बखरीत १४०५ सालाखाली अशी नोंद आहे की, एक सरदार नाताळच्या सणात हे जीवनाचे पाणी बेसुमार पिऊन मेला. सतराव्या शतकात त्या बखरीचे इंग्रजी करणाऱ्या गृहस्थास राहवले नाही. त्याने या बिचाऱ्याच्या बाबतीत ते मरणाचे पाणी ठरले अशी कोटी करून ठेवली. म्हणजे या पेयाचा आयर्लंडातील सर्वांत जुना लेखी पुरावा ही एक मृत्यूची नोंद आहे.

पुढे इंग्रजांचे राज्य दृढ झाले आणि १६६१ च्या नाताळच्या दिवशी आयर्लंडात दारूवर गॅलनमागे चार पेन्स कर बसला. शंभर वर्षे तो कसाबसा, म्हणजे बहुतांशी बुडवूनच, चालला. खरा फरक पडला तो १७७९ च्या कायद्याने. किती दारू गाळली हे मोजणे अशक्य, म्हणून सरकारने भांड्याच्या आकारावरून ती किती गाळली असावी याचा ठोकताळा बांधला व तेवढ्यावर कर घेण्यास सुरुवात केली. परिणाम व्हावयाचा तोच झाला. कर ठरीव असल्यामुळे जो भांडे अधिक वेळा भरून अधिक वेगाने उकळील त्याचा फायदा. मग अर्क करपला तरी चालेल. लहान भट्टीवाल्यांना ते परवडेना. १७७९ साली नोंदलेल्या भट्ट्या १,२२८ होत्या. १७९० साली उरल्या २४६. बाकीच्या नष्ट झाल्या असे मात्र कोणी समजू नये. त्यांपैकी पुष्कळ डोंगरात गेल्या, आणि तेथे जे निघू लागले त्यास ‘पोचीन’ असे नाव आहे; ते चोरून गाळण्याची परंपरा पुढे कित्येक पिढ्या टिकली.

चवीच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा कर मात्र दुसराच. व्हिस्कीसाठी जव भिजवून त्यांना मोड आणतात व ते वाळवितात. यासच माल्ट म्हणतात. मोड आल्याने धान्यातील पिठाची साखर होण्याची सोय होते. १७८५ साली या माल्टवर कर बसला. तेव्हा आयरिश भट्टीवाल्याने हिशेब केला की, मोड आलेले जव थोडेसेच घ्यावेत आणि त्यांत मोड न आणलेले कच्चे जव, थोडे ओट, थोडी राय अशी भर घालावी. साखर तर तेवढ्या माल्टनेही होते आणि कच्च्या जवावर कर नाही. ही मिसळ त्याआधीही कोठे कोठे होत असे. पण ती सार्वत्रिक झाली आणि राष्ट्रीय ठरली ती करामुळे. तांब्याच्या मोठ्या भांड्यांतून तीनदा गाळलेल्या या मिश्र धान्याच्या अर्कास आयरिश पॉट स्टिल व्हिस्की म्हणतात; आणि तिचा तो स्निग्ध, किंचित तिखट, जवसाच्या तेलाची आठवण करून देणारा गुण येतो तो या कच्च्या जवांतून. कर चुकविण्याची युक्ती ही पुढे अभिरुची झाली, आणि अभिरुचीची पुढे परंपरा झाली. आपल्याकडे १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने ताडामाडांवर झाडागणिक कर बसविला आणि मोहाची दारू गाळणे घरोघरच्या भट्ट्यांतून काढून मोजक्या ठिकाणी आणले, हे ज्यांच्या वाचनात आहे त्यांना आयरिश शेतकऱ्याची ही हकीकत परकी वाटू नये.

आता या नाटकातील मुख्य पात्र रंगभूमीवर येते. त्याचे नाव ईनियस कॉफी. हा आयरिश अबकारी खात्यातला अंमलदार. तरुणपणी, १८१० साली, डोनेगॉल भागात चोरट्या भट्ट्यांचा शोध घेताना गावकऱ्यांनी याला गाठले, डोके फोडले, मांडीत संगिनी भोसकल्या आणि मेला म्हणून सोडून दिले. तो जगला, चढत चढत खात्याचा मुख्य निरीक्षक झाला, १८२४ साली नोकरी सोडली, आणि जन्मभर इतरांची भांडी मोजल्यावर त्याने स्वतःच एक भांडे शोधून काढले. १८३० साली त्याने पेटंट घेतलेल्या या यंत्रात दोन उंच स्तंभ असतात. आंबवलेले धान्यपाणी वरून खाली उतरते, वाफ खालून वर चढते, आणि भांडे रिकामे करून पुन्हा भरण्याची खोटी न होता अर्क अखंड बाहेर पडत राहतो. तो शेकडा नव्वदाहून अधिक तीव्र असतो व स्वस्त पडतो. मात्र त्यास स्वतःची अशी चव जवळजवळ नसते. जुने भांडे धान्याचे गुणदोष दोन्ही अर्कात येऊ देई. कॉफीचे यंत्र दोन्ही मागे ठेवते.

डब्लिनच्या बड्या घराण्यांनी हे यंत्र नाकारले. जेम्सन घराण्यातील जॉन व विल्यम यांच्या दोन पेढ्या, जॉन पॉवर आणि जॉर्ज रो या चार पेढ्यांचा दरारा त्या काळी केवढा होता याची कल्पना एका गोष्टीवरून यावी: रो घराण्यातील हेन्री रो याने डब्लिनच्या क्राइस्ट चर्च या पुरातन मंदिराचा जीर्णोद्धार स्वतःच्या खर्चाने करून दिला. अशा लोकांना स्वस्त मालाची गरज वाटली नाही. गरज वाटली ती स्कॉटलंडच्या व्यापाऱ्यांना. त्यांनी कॉफीच्या बेचव अर्कात आपली धुरकट माल्ट व्हिस्की मिसळली, १८६० च्या कायद्याने अशा मिश्रणाची सोय केली, आणि सौम्य व सर्वत्र एकसारखी लागणारी नवी व्हिस्की जगभर धाडली. आयरिश माणसाचा शोध स्कॉच माणसास फळला. डब्लिनच्या चौघांनी १८७०–८० च्या दशकाच्या अखेरीस एक पुस्तक छापून असा आक्रोश केला की, या मिश्रणास व्हिस्की म्हणणे ही लबाडी आहे. १९०६ साली लंडनच्या इझ्लिंग्टन भागातील एका न्यायाधीशाने त्यांची बाजू उचलूनही धरली. पण १९०९ च्या कमिशनने निकाल दिला तो उलट: धान्यापासून गाळलेली असली म्हणजे झाले, भांडे कोणते याची पंचाईत नको. एका पिढीच्या अभिमानावर सरकारने शाईचा एक फराटा ओढला.

अमेरिकेत हेच नाटक निराळ्या पात्रांनी केले. अल्स्टर व स्कॉटलंड येथून गेलेल्या वसाहतवाल्यांनी भट्टीची विद्या बरोबर नेली. पर्वतापलीकडच्या शेतकऱ्यास धान्य बाजारात नेण्यास रस्ता नव्हता. त्याची दारू केली म्हणजे थोड्या ओझ्यात पुष्कळ मोल जाई, आणि नाण्यांच्या टंचाईत ती चलन म्हणूनही चाले. १७९१ साली हॅमिल्टनने तिच्यावर कर बसविला तेव्हा तो शेतकऱ्यास आपल्या नाण्यावरचाच कर वाटला. १७९४ साली पश्चिम पेन्सिल्व्हेनियात बंड उठले आणि अध्यक्ष वॉशिंग्टन सुमारे तेरा हजारांची फौज घेऊन निघाले. हेच वॉशिंग्टन अधिकारपदावरून उतरल्यावर माउंट व्हर्नन येथे भट्टी घालतात आणि १७९९ साली सुमारे अकरा हजार गॅलन व्हिस्की काढतात, हा इतिहासाचा विनोद आम्हांस फार आवडतो. त्यांची व्हिस्की मुख्यतः रायची होती. केंटकीत मात्र मका उदंड, आणि तेथल्या चुनखडीतून झिरपणाऱ्या पाण्यात लोह नाही. त्यामुळे तेथे मक्याची व्हिस्की रुजली.

बर्बन हे नाव फ्रान्सच्या राजघराण्याचे. स्वातंत्र्ययुद्धातील फ्रेंच मदतीची आठवण म्हणून १७८५ साली एका जिल्ह्यास ते मिळाले, आणि १८२१ साली त्या जिल्ह्यातील पॅरिस गावच्या वृत्तपत्रात ‘बर्बन व्हिस्की’ची जाहिरात आली. एलायजा क्रेग नावाच्या धर्मोपदेशकाने जळके पिंप वापरून बर्बन शोधून काढली ही कथा मद्यविक्रीस उपयोगी असली तरी इतिहासास उपयोगी नाही. ज्याचे ऋण खरोखरच मानावे असा माणूस म्हणजे जेम्स क्रो हा स्कॉटिश रसायनवेत्ता. मागच्या खेपेचे आंबट उरलेले पाणी पुढच्या खेपेत घालण्याची रीत, जी आपल्या विरजणाची दूरची बहीण शोभावी, ती त्याने मोजमाप करून शास्त्रशुद्ध केली आणि खेपेमागून खेप सारखी निघू लागली.

भट्टीत सुधारणा झाली तरी दुकानात लबाडी चालूच होती. कच्च्या अर्कात जळकी साखर, सुकवलेल्या आलुबुखाऱ्यांचा रस, वेळप्रसंगी तंबाखूही घालून ती जुनी व्हिस्की म्हणून विकीत. प्रामाणिक भट्टीवाल्यांनी येथे डब्लिनकरांप्रमाणे नुसते पुस्तक छापले नाही. त्यांनी कायदा करवून घेतला. १८९७ च्या कायद्यानुसार एकाच भट्टीची, एकाच हंगामाची, सरकारी कुलपाखाली चार वर्षे ठेवलेली आणि निम्मी मद्यार्क असलेली व्हिस्की सरकारी मोहोर लावून विकता येऊ लागली. मग १९०६ चा अन्नशुद्धीचा कायदा, त्यावरून मिश्रणवाल्यांची तक्रार, आणि अखेर १९०९ चा टॅफ्ट यांचा निर्णय. पुढे सरन्यायाधीश झालेल्या या अध्यक्षाने दोन्ही पक्षांना थोडेथोडे दिले: धान्याची असेल तर मिश्रणासही व्हिस्की म्हणा, पण ‘मिश्र’ हा शब्द बाटलीवर लिहा, आणि निर्भेळ व्हिस्कीवाल्याने ‘निर्भेळ’ लिहावे. मळीपासून काढलेल्या अर्कास मात्र त्यांनी हे नाव नाकारले. आपल्या देशात व्हिस्की म्हणून खपणाऱ्या पुष्कळशा मालाचा पाया साखर कारखान्यांतील मळी हाच आहे आणि युरोपातील कायदा त्यास व्हिस्की म्हणू देत नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे टॅफ्ट यांचा प्रश्न आपल्या दारापर्यंत येऊन पोचतो.

एवढी पूर्वपीठिका झाल्यावर दोन पेले शेजारी ठेवण्यास हरकत नाही. पेला पोटाशी रुंद व तोंडाशी अरुंद असावा. व्हिस्की अंगठाभर पुरे. शेजारी साधे पाणी. क्रम मात्र आयरिश आधी, बर्बन मागून असाच ठेवावा. उलट केल्यास बर्बनच्या लाकडापुढे आयरिशचे बोलणे ऐकू येत नाही. परदेशातील एका मुक्कामात आम्ही अनेक संध्याकाळी हा क्रम उलटसुलट करून पाहिला आहे, आणि हा नियम आम्हांस एकदाही मोडता आला नाही. हुंगताना ओठ किंचित उघडे ठेवावेत, म्हणजे मद्यार्काची झिणझिण नाकात जात नाही.

बारा वर्षांची रेडब्रेस्ट ही जुन्या डब्लिन पद्धतीची, म्हणजे मोड आलेले व न आलेले जव मिळून केलेली व्हिस्की. तिचा पहिला वास हिरव्या सफरचंदाचा, मग बेदाण्याचा. हा दुसरा गुण शेरीच्या पिंपांचा. जिभेवर ती प्रथम तेलासारखी पसरते, आणि ती गिळल्यावर मिरी व जायफळ मागून येतात. यात मसाला कोणी घातलेला नाही. तो कच्च्या जवाचा आहे. हिच्या शेजारी ओल्ड फॉरेस्टर ठेवा. ही बर्बन १८७० पासून विकली जाते, आणि ती बंद बाटलीतच विकावयाची, म्हणजे मध्ये भेसळीस जागा राहत नाही, असा तिच्या मालकाचा आग्रह होता. हिचा रंग तांबडा, वास व्हॅनिलाचा व पाक जळावयास लागताना सुटतो तसा. त्यामागून लवंग आणि ओले लाकूड. गोडी पुढे, कोरडेपणा मागे. तिखटपणा दोहोंत आहे. पण आयरिशचा तिखटपणा धान्याच्या पोटातून येतो, बर्बनचा काही रायमधून आणि काही लाकडातून. मेकर्स मार्क या बर्बनमध्ये रायऐवजी गहू असतो. ती चाखली की रायचे तिखट गळून पडलेले स्पष्ट कळते. थोडे पाणी घातल्यावर तर भेद अधिकच उघड होतो: आयरिश फुलते, बर्बन मवाळ होते. कोणती श्रेष्ठ असे विचारणाऱ्यास आम्ही पुन्हा चाखावयास सांगू. पण दोहोंपैकी बोलकी कोणती असे विचाराल तर पॉट स्टिल, असे आमचे मत आहे.

बर्बनमध्ये लाकूड एवढे का बोलते? कायद्यामुळे. अमेरिकन नियमाप्रमाणे बर्बनमध्ये निदान शेकडा ५१ मका हवा, अर्क शेकडा ८० हून तीव्र गाळता कामा नये, आणि तो आतून जाळलेल्या कोऱ्या ओकच्या पिंपात ठेवला पाहिजे. दारूबंदी उठल्यावर १९३०–४० च्या दशकात ही कोऱ्या पिंपाची अट कायम झाली. जाळल्याने ओकमधील साखर करपते, लाकडाचा बंध सुटून त्यातून व्हॅनिलाचा सुगंध देणारे द्रव्य निघते, आणि पिंप कोरे असल्याने हा सारा ऐवज पहिल्याच व्हिस्कीस मिळतो. त्यात केंटकीचा उन्हाळा. अनेक मजली वखारीत वरच्या पिंपांतून पाणी अधिक उडते व व्हिस्कीची तीव्रता वर्षानुवर्षे वाढते. आयर्लंडच्या दमट गारव्यात मद्यार्क अधिक उडतो व तीव्रता उतरते. उडून जाणाऱ्या भागास ते लोक ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. आपण नैवेद्य म्हणालो असतो. फरक इतकाच की आपला नैवेद्य देव परत करतो.

आयरिश व्हिस्कीच्या ऱ्हासाची कारणे सांगताना लोक अमेरिकन दारूबंदीवर सारे खापर फोडतात. १९२० ते १९३३ पर्यंत मोठी गिऱ्हाइकी गेली हे खरेच. पण घाव तेवढाच नव्हता. १८३८ पासून फादर मॅथ्यू यांनी लाखो आयरिश लोकांना मद्यत्यागाची शपथ दिली होती. लागोपाठ दुष्काळ आला. १९१९ पासून स्वातंत्र्ययुद्ध. १९३२ ते १९३८ इंग्लंडशी जकातीचे युद्ध. आणि या सर्वांच्या मुळाशी स्कॉच मिश्रणाची स्पर्धा होतीच. १८८७ साली आल्फ्रेड बर्नार्ड याने आपल्या प्रवासग्रंथात आयर्लंडातील २८ भट्ट्यांचे वर्णन केले. १९७५ च्या सुमारास चालू राहिल्या दोन, उत्तरेस बुशमिल्स आणि दक्षिणेस मिडल्टन. उरलेल्या तीन कंपन्या १९६६ साली एक झाल्या होत्या, आणि जगण्यासाठी त्यांनी केले ते हेच की, जेम्सनच्या बाटलीत पूर्वजांनी धिक्कारलेला कॉफीच्या स्तंभाचा अर्क मिसळला. आज जगभर खपते ती जेम्सन हीच. डब्लिनचे ते चार सावकार चवीच्या बाबतीत बरोबर होते असे आम्ही समजतो. परंतु नाव राखण्यासाठी कायदा मिळवावा लागतो हे केंटकीकरांना जसे उमगले तसे त्यांना वेळेवर उमगले नाही. केंटकीकरांनी तर १९६४ साली काँग्रेसकडून बर्बन ही अमेरिकेचीच विशिष्ट वस्तू होय असा ठरावही करवून घेतला.

त्या अमेरिकन कायद्याचे एक फळ मात्र आयर्लंडच्या पदरात पडले. पिंप एकदा वापरले की बर्बनवाल्याच्या उपयोगाचे राहत नाही. मग ती हजारो पिंपे समुद्रापार जातात, आणि मिडल्टनच्या वखारींत आयरिश अर्क ज्या लाकडात वर्षे काढतो त्यातले बहुतेक लाकूड केंटकीहून आलेले असते. रेडब्रेस्टमध्ये जो पुसट व्हॅनिला लागतो तो तिकडचाच.

१९८७ साली जॉन टीलिंग यांनी बटाट्यापासून मद्यार्क काढण्याचा एक सरकारी कारखाना घेऊन कूली ही भट्टी काढली, आणि तेथून ओहोटी थांबली. २०१५ साली डब्लिनमध्ये पुन्हा भट्टी पेटली, आणि पुढे साऱ्या बेटावरील भट्ट्यांची संख्या चाळीसच्या घरात गेली. या नव्या मंडळींनी जुन्या चोपड्या उघडल्या, त्यांत एकोणिसाव्या शतकातील धान्याची प्रमाणे सापडली, आणि त्यांतून नवा तंटा निघाला. २०१४ साली निश्चित झालेल्या नियमाप्रमाणे पॉट स्टिल व्हिस्कीत निदान शेकडा ३० मोड आलेले व निदान शेकडा ३० न आलेले जव हवेत. ओट, राय इत्यादी इतर धान्ये मिळून शेकडा ५ हून अधिक त्या नियमाने चालत नव्हती. जुन्या चोपड्यांत ही इतर धान्ये त्याहून पुष्कळ अधिक आहेत. म्हणजे डब्लिनच्या ज्या घराण्यांनी खऱ्या व्हिस्कीच्या नावासाठी इतका आकांत केला, त्यांच्या काळातील पुष्कळ माल २०१४ च्या त्या सरकारी व्याख्येत बसत नव्हता. मर्यादा शेकडा ३० पर्यंत वाढवावी असा नव्या भट्टीवाल्यांनी आग्रह धरला, आणि पुन्हा एकदा सरकारी दप्तरात कागद फिरू लागले.